एकाच वेळी शेकडो आरएफआयडी टॅग वाचताना होणारी टक्कर कशी कमी करावी?

लहरीराम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दारातून जाणाऱ्या ट्रॉलीवरची खोकी यूएचएफ आरएफआयडीने (रेडिओ लहरींनी दुरून टॅग वाचण्याचं तंत्र) वाचायची आहेत. खोक्यांत कपडे, प्रत्येक कपड्याला एक पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) टॅग, ट्रॉलीवर मिळून साधारण दोनशे टॅग. दाराला एक रीडर आणि त्याला चार अँटेना. ट्रॉली दारात उभी करून ठेवली तर बहुतेक सगळे टॅग मिळतात. नेहमीच्या चालीने ढकलत नेली की काही राहतात, आणि दर वेळी तेच राहतात असंही नाही.

यंत्रणा बसवणाऱ्यांचं म्हणणं, "कोलिजन होतंय, पॉवर वाढवा." पॉवर आधीच कमाल मर्यादेवर आहे. टॅगांची टक्कर टाळण्याची पद्धत जेन-२ प्रमाणातच (यूएचएफ टॅगांच्या ठरलेल्या नियमावलीतच) असते असं वाचलं होतं. मग ती नेमकं काय करते, आणि आपल्या हातात त्यातलं काय असतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

वाचनमात्र

जाणकार नाही, पण ढोबळ कल्पना अशी आहे: बाईंनी वर्गात प्रश्न विचारला आणि सगळी मुलं एकदम ओरडली, तर कोणाचंच उत्तर कळत नाही. म्हणून एकेकाने बोलायचं. रीडर हेच करतो.

वाखु (वाचनखूण) साठवली आहे, पुढचं वाचायला आवडेल.

---

आकडेमोड

@वाचनमात्र, उपमा चांगली आहे, पण नेमकी अडचणीच्या जागी ती साथ सोडते. वर्गात शेजारचा बोलतोय हे मुलाला ऐकू येतं, म्हणून तो थांबू शकतो. टॅगला शेजारी ऐकूच येत नाही. पॅसिव्ह टॅगकडे स्वतःचा ट्रान्समीटर नसतो. रीडरकडून येणाऱ्या लहरीच तो कमी-जास्त परावर्तित करतो आणि रीडर ते बारीक चढउतार वाचतो. शेजारच्या टॅगचं परावर्तन ओळखण्याइतकी यंत्रणा त्या चिपमध्ये नसते. त्यामुळे "आधी ऐका, मग बोला" हा वायफायसारखा मार्ग इथे बंद आहे. शिस्त लावायची ती रीडरनेच.

ही अडचण आरएफआयडीच्या आधीची आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली अलोहानेट सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं एकाच रेडिओ वाहिनीवरून मुख्य संगणकाशी बोलत. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, टक्कर झाली तर थोडा यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवावं, एवढाच नियम. अशा मोकाट पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो. १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी वेळेचे ठरावीक स्लॉट पाडून फक्त स्लॉटच्या सुरुवातीलाच बोलायचं बंधन घातलं आणि ही मर्यादा दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के झाली. टॅग वाचनाचा पाया हाच आहे.

आता जेन-२. रीडर "क्वेरी" आज्ञेबरोबर क्यू नावाचा आकडा पाठवतो, ० ते १५ मधला. स्लॉटांची संख्या म्हणजे २ चा क्यू वा घात. क्यू ४ असेल तर १६ स्लॉट, ८ असेल तर २५६. प्रत्येक टॅग त्यातला एक स्लॉट यादृच्छिक निवडून आपल्या काउंटरमध्ये ठेवतो. रीडर "क्वेरी-रेप" म्हणाला की सगळे काउंटर एकाने उतरतात आणि ज्याचा शून्य झाला तो बोलतो.

शून्यावर आलेला टॅग आपला ९६ बिटांचा ईपीसी (टॅगचा ओळख क्रमांक) लगेच सांगत नाही, ही यातली खरी हुशारी. आधी फक्त १६ बिटांचा एक यादृच्छिक आकडा पाठवतो, आरएन१६. रीडरला तो नीट ऐकू आला तर तोच आकडा परत उच्चारून तो पोच देतो, आणि त्यानंतरच टॅग पूर्ण ओळख सांगतो. म्हणजे टक्कर झालीच तर ती १६ बिटांत होते आणि तिथेच संपते. पूर्ण उत्तर नियंत्रण शब्द, ईपीसी आणि सीआरसी (चूक तपासण्याचे बिट) मिळून १२८ बिटांचं असतं, ते वाया जात नाही.

गंमत म्हणून: १६ स्लॉट आणि फक्त ५ टॅग असले तरी निदान दोघांनी एकच स्लॉट निवडण्याची शक्यता ५० टक्के आहे. स्वतः गुणून बघा, १५ × १४ × १३ × १२ भागिले १६ चा चौथा घात. टक्कर हा बिघाड नव्हे, ती हिशेबात धरलेलीच असते.

---

पाटीकोरी

मस्त प्रतिसाद. एक बाळबोध शंका: दोनशे टॅगांसाठी क्यू १५ ठेवला तर ३२,७६८ स्लॉट. टक्कर जवळजवळ होणारच नाही. मग तेच का करत नाहीत?

---

आकडेमोड

कारण बत्तीस हजारांवर रिकामे स्लॉट मोजत बसावं लागेल. रिकामा स्लॉट स्वस्त असतो, फुकट नसतो.

दोनशे टॅग आणि क्यू ८ धरा. सरासरीने सुमारे ९२ टॅग एकटे सापडतात, ११७ स्लॉट रिकामे जातात आणि ४७ स्लॉटांत टक्कर होते. उरलेले १०८ टॅग त्या ४७ मध्ये अडकलेले असतात आणि पुढच्या फेरीत त्यांना पुन्हा संधी मिळते. पुस्तकी उत्तर असं की स्लॉट आणि टॅग समान असले की कार्यक्षमता सर्वाधिक. पण ते सगळे स्लॉट सारख्या लांबीचे धरून. जेन-२ मध्ये रिकामा स्लॉट टक्करीच्या स्लॉटपेक्षा लवकर आटोपतो, म्हणून स्लॉट टॅगांपेक्षा थोडे जास्त ठेवलेले परवडतात.

किती टॅग समोर आहेत हे रीडरला आधी माहीत नसतं, तो अंदाज बांधतो. स्लॉट आणि टॅग जवळपास सारखे असतील तर टक्कर झालेल्या प्रत्येक स्लॉटमागे सरासरी २.३९ टॅग असतात. हा शौटे यांचा १९८३ चा निष्कर्ष. टक्करी मोजा, २.३९ ने गुणा, शिल्लक किती ते कळतं. बरेचसे रीडर याहून साधं काहीतरी करतात: टक्कर झाली की एका दशांशी आकड्यात ०.१ ते ०.५ मधली ठरावीक भर घालायची, रिकामा स्लॉट गेला की तेवढीच वजा करायची, आणि तो आकडा पूर्णांकात धरून क्यू बदलायचा. क्यू बदलायची आज्ञा म्हणजे "क्वेरी-अ‍ॅडजस्ट".

---

सोल्डरसखा

आकडेमोडराव, दंडवत. पण धागाकर्त्याचं दुखणं यात नाही असं मला वाटतं.

@लहरीराम, रीडरच्या सेटिंगमधल्या चार गोष्टी सांगा. क्यू स्थिर आहे की आपोआप बदलतो? सेशन कोणता? टार्गेट एक की दोन्ही? एन्कोडिंग (टॅग आपले बिट कोणत्या रूपात पाठवतो) काय? आणि एका ट्रॉलीचा कच्चा लॉग उघडून कोणता टॅग किती वेळा वाचला गेला तेही बघा.

---

लहरीराम (धागाकर्ता)

क्यू आपोआप, सुरुवात ४ पासून. सेशन ०. टार्गेट ए आणि बी आलटून पालटून. मिलर-४, २५० किलोहर्ट्झ. हे सगळं बसवताना जसं आलं तसंच आहे.

लॉग पाहून चक्रावलो. बाहेरच्या बाजूचे काही टॅग एकाच ट्रॉलीत शंभराहून जास्त वेळा वाचलेत. काही मोजून एकदा. आणि काही अर्थातच नाहीत.

---

सोल्डरसखा

सापडलं. ही टक्कर नाही, पुनरावृत्ती आहे.

आधी क्यूचं किटाळ दूर करू. १६ स्लॉटांत दोनशे टॅग म्हणजे प्रत्येक स्लॉटमध्ये डझनभर, एकही सुटा सापडणार नाही हे खरं. पण रीडर ०.३ च्या पायरीने चढत असेल तर बारा-एक टक्करींत तो क्यू ८ ला पोचतो. टक्करीचा स्लॉट जेमतेम एक मिलिसेकंदाचा, म्हणजे दहाएक मिलिसेकंदांत काम झालं. सुरुवात ८ वरून केलीत तर तेवढेच वाचतील, फार काही हाती लागणार नाही.

आता वेळेचं गणित. मिलर-४ आणि २५० किलोहर्ट्झ म्हणजे टॅगचा वेग सेकंदाला ६२.५ किलोबिट. १२८ बिटांना सुमारे २ मिलिसेकंद, आरएन१६ ला पाव मिलिसेकंद, वर रीडरच्या आज्ञा आणि मधले विराम. एक यशस्वी वाचन ३ मिलिसेकंदांच्या आसपास. दोनशे टॅग, रिकामे स्लॉट आणि टक्करी धरून, साधारण एका सेकंदात संपायला हवेत. ट्रॉली चालीच्या वेगाने दारातून जायला दोन-तीन सेकंद तरी घेते. म्हणजे वेळ पुरतो. तो जातो कुठे?

प्रत्येक टॅगकडे चार सेशन असतात, एस-० ते एस-३, आणि प्रत्येक सेशनसाठी "मी मोजला गेलो का" याची एक खूण असते: ए किंवा बी. वाचला गेला की टॅग ए मधून बी मध्ये जातो. रीडर फक्त ए वाल्यांना विचारत असेल तर वाचलेले गप्प राहतात आणि गर्दी कमी होत जाते. तुमच्याकडे दोन गोष्टी याच्या विरोधात चालल्या आहेत. टार्गेट आलटून पालटून असल्यामुळे ए संपले की रीडर बी वाल्यांना बोलावतो, ते पुन्हा ए होतात, आणि हे चक्र चालूच राहतं. दुसरं म्हणजे एस-० ची खूण टॅगला वीज मिळते तोवरच टिकते. वीज गेली की टॅग सगळं विसरून ए वर येतो. चार अँटेना आळीपाळीने चालू-बंद होतात, आणि फक्त एकाच अँटेनाच्या माऱ्यात असलेल्या टॅगची वीज प्रत्येक बदलाला तुटते. रीडर वाहिनी बदलताना क्षणभर लहर थांबवतो, तेव्हाही तेच. वाचून झालेले दांडगे टॅग पुन्हा रांगेत उभे राहतात आणि आतले दुबळे मागेच.

एस-२ किंवा एस-३ घ्या. तिथे वीज असेपर्यंत खूण टिकतेच, वीज गेल्यावरही २ सेकंदांहून जास्त टिकते. टार्गेट फक्त ए ठेवा.

---

अँटेनाबाई

सखा यांच्याशी बव्हंशी सहमत. फक्त एस-२ बद्दल माझं मत वेगळं आहे. वीज गेल्यावर खूण किमान २ सेकंद टिकते हे खरं, पण कमाल किती याला प्रमाणात मर्यादा नाही. काही चिपा बराच वेळ बी मध्ये बसून राहतात. ट्रॉली दारातून बाहेर काढून लगेच परत आणली तर टॅग गप्प, आणि ऑपरेटर म्हणणार रीडर बिघडला. एस-१ ची खूण वीज असो वा नसो, ५०० मिलिसेकंद ते ५ सेकंदांत आपोआप पुसली जाते. दारासाठी मी एस-१ च घेईन.

---

सोल्डरसखा

ताई, पण तुमच्याच आकड्यांनुसार एखादा टॅग अर्ध्या सेकंदात परत ए होऊ शकतो, ट्रॉली अजून दारातच असताना. एस-२ मध्ये निदान तो धोका नाही. परत आणलेल्या ट्रॉलीचं म्हणाल तर त्यावर सिलेक्ट आज्ञा आहे: ट्रॉली सेन्सरसमोर आली की एकदा "सगळ्यांनी ए वर या" सांगायचं, मग मोजायला लागायचं.

---

अँटेनाबाई

सिलेक्ट त्या क्षणी जागा असलेल्या टॅगलाच ऐकू येते. सेन्सर लवकर चालला आणि अर्धी ट्रॉली माऱ्याबाहेर असली तर तुमचं "सगळ्यांनी" अर्ध्यांनाच कळणार. असो, सेन्सरची जागा नीट असेल तर तुमची पद्धतही चालेल. दोन्ही करून बघा म्हणावं.

मूळ मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. पॉवर वाढवा हा सल्ला टक्करीसाठी उलटाच आहे. पॉवर वाढली की लांबचे, पलीकडच्या मांडणीवरचेही टॅग जागे होतात आणि तेही स्लॉट मागतात. टक्कर कमी करायची तर एका वेळी बोलणारे कमी करावेत: पॉवर उतरवून माऱ्याचा टापू लहान करणं, किंवा सिलेक्टने ठरावीक ईपीसीच्या टॅगांनाच आत घेणं. पॉवर लागते ती टॅग जागा होत नसेल तेव्हा. हे दोन वेगळे आजार आहेत.

तिसरा आजार म्हणजे बळी तो कान पिळी. एकाच स्लॉटमध्ये जवळचा आणि लांबचा टॅग एकदम बोलले तर रीडरला बऱ्याचदा जवळच्याचा आरएन१६ स्पष्ट ऐकू येतो. रीडर त्याला पोच देतो, त्याच्या हिशेबी तिथे टक्कर झालीच नाही. दुबळ्या टॅगला पोचेत आपला आकडा दिसत नाही. त्याचा काउंटर शून्याखाली जाऊन एकदम ३२,७६७ वर पोचतो, म्हणजे त्या फेरीतून तो बाद. टक्करी कमी मोजल्या गेल्या की क्यूचा अंदाजही खाली घसरतो. दांडग्यांना गप्प करणारं सेशन हाच यावरही उपाय, म्हणून सखा यांचं निदान मला पटतं.

---

पाटीकोरी

अवांतर होईल, पण पाकिटात दोन कार्डं असली की दारावरचा कार्ड रीडर अडतो. तिथेही क्यू असतो का?

---

आकडेमोड

नाही. ती कार्डं १३.५६ मेगाहर्ट्झची, प्रकार अ असेल तर तिथे बिटागणिक शोध चालतो. सगळी कार्डं आपला क्रमांक एकाच लयीत पाठवतात, आणि मँचेस्टर एन्कोडिंगमुळे एकाने ० आणि दुसऱ्याने १ पाठवला तर नेमक्या कोणत्या बिटावर फाटा फुटला ते रीडरला दिसतं. मग तो म्हणतो, "इथवर जुळणारे आणि पुढे १ असलेले तेवढे बोला." क्रमांक ४, ७ किंवा १० बाइटचा असतो. प्रमाणात सोय पूर्ण आहे. तरी रीडर अडतो, कारण दोन कार्डांपैकी कोणतं वापरायचं हे ठरवणं त्याचं काम नाही, म्हणून सॉफ्टवेअर मुद्दाम नकार देतं. दोन कार्डांच्या कॉइली एकमेकींना बिघडवतात ते वेगळंच.

ही झाडाच्या फांद्यांसारखी पद्धत यूएचएफमध्ये तेवढी सोयीची नाही. एसजीटीआयएन-९६ (ईपीसीत मालाचा प्रकार आणि अनुक्रमांक लिहिण्याची पद्धत) घ्या. एकाच मालाच्या सगळ्या टॅगांचे पहिले ५८ बिट जवळपास सारखेच असतात, फरक फक्त शेवटच्या ३८ बिटांच्या अनुक्रमांकात. सुरुवातीपासून एकेक बिट विचारत गेलात तर ५८ पायऱ्या उतरूनही एकही टॅग वेगळा झालेला नसतो. यादृच्छिक स्लॉटांना ईपीसीत काय लिहिलंय याच्याशी देणंघेणंच नाही.

---

लहरीराम (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. एस-२, टार्गेट ए, दारासमोर प्रकाश सेन्सर आणि त्यावर सिलेक्ट, असं करून पाहिलं. सेन्सर ताईंनी सांगितल्याप्रमाणे थोडा आत सरकवला. लॉगचा चेहराच बदलला: बहुतेक टॅग एकदा, काही दोनदा. सुटणारे टॅग खूप कमी झाले.

पण आता जे राहतात ते ठरलेले आहेत. खोक्याच्या मधले, सपाट घड्या एकावर एक ठेवलेले. ट्रॉली उभी ठेवली तरी ते येत नाहीत.

---

अँटेनाबाई

ते जागेच होत नाहीत. सगळ्या घड्या सारख्या असल्या की टॅग बरोबर एकाखाली एक येतात. त्यांच्या अँटेना काही मिलिमीटरवर आल्या की एकमेकींची वारंवारता सरकवतात, आणि वरचे टॅग खालच्यांच्या वाटची ऊर्जाही अडवतात. पॅसिव्ह यूएचएफ चिपला जागं व्हायला मायक्रोवॅटच्या घरातली शक्ती लागते, पण तेवढीही पोचत नसेल तर स्लॉट कितीही द्या, उत्तर देणारच कोण?

पुठ्ठा आणि सुती कापड अडवत नाहीत, कापड कोरडं असलं तर. इलाज यांत्रिकच आहे. एक घडी उजवीकडे, पुढची डावीकडे असं ठेवून टॅग एकाखाली एक येऊ देऊ नका. किंवा टॅग घडीच्या कडेला येईल अशा जागी लावा. अँटेना चारही एकाच उंचीवर आहेत का? या वारंवारतेला तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, आणि दारातल्या परावर्तनांमुळे सोळा-सतरा सेंटिमीटरांच्या अंतराने मृत जागा पडतात. ट्रॉली पुढे सरकते तसे टॅग त्यांतून बाहेर येतात, म्हणून चालती ट्रॉली प्रत्यक्षात फायद्याची. उभ्या ट्रॉलीवरची चाचणी फसवी असते.

---

लहरीराम (धागाकर्ता)

अँटेना दोन्ही बाजूंना, पण एकाच उंचीवर आहेत. एक जोडी वर सरकवतो. घड्यांचं पॅकिंगवाल्यांशी बोलतो, ते कुरकुरतील.

शेवटचा प्रश्न. शेजारी दुसरं दार होणार आहे, दुसऱ्या रीडरसह. तेव्हा पुन्हा नव्याने घोळ होईल का?

---

सोल्डरसखा

होईल, आणि तो क्यूने सुटणारा नाही. दोन रीडर वेगळ्या वाहिन्यांवर ठेवले आणि मिलर-४ किंवा ८ असलं तर रीडर एकमेकांचा त्रास बऱ्यापैकी चुकवतात, कारण टॅगचं उत्तर मुख्य लहरीपासून थोडं बाजूला सरकलेलं असतं. पण टॅगला वाहिन्या वेगळ्या करता येत नाहीत. ८६० ते ९६० मेगाहर्ट्झमधलं जे जोरात येईल ते सगळं त्याच्या कानात एकत्र. दोन रीडरांच्या आज्ञा एकाच वेळी पोचल्या की त्याला एकही कळत नाही.

म्हणून एक: दोन्ही दारांचे सेन्सर जोडून रीडर आळीपाळीने चालवा, ट्रॉली नसेल तर रीडर बंदच. दोन: एका दाराला एस-२, दुसऱ्याला एस-३ द्या. चार सेशन याचसाठी असतात, एका रीडरने बदललेली खूण दुसऱ्याच्या मोजणीत लुडबुड करत नाही.

---

अँटेनाबाई

आणि मधे धातूची जाळी किंवा पत्रा उभा करता आला तर आधी तो करा. पॉवरही मग कमाल ठेवायची गरज उरणार नाही. दोन्ही दारांतून एकदम दोन ट्रॉल्या नेऊन पाहिल्याशिवाय यंत्रणा बसवणाऱ्यांना सही देऊ नका.